वेळेवर पोहोचण्याचं अंतर

रायपूरला सूर्य नागपूरच्या दहा मिनिटं आधी उगवतो. दोन्ही शहरं जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, एकवीस अंशांच्या जरा वर; त्यामुळे वैशाख असो की पौष, ही दहा मिनिटं बारा महिने तेवढीच राहतात. बूढा तालाबच्या पाण्यावर पहिलं ऊन उतरतं तेव्हा नागपूरच्या फुटाळा तलावावर अजून करडा उजेड असतो. मग ते ऊन खारून ओलांडतं, शिवनाथ ओलांडतं, डोंगरगडची टेकडी उजळतं, दरेकशाच्या जंगलात शिरतं, वैनगंगेच्या वाळूवरून, कन्हानच्या पुलावरून पुढे सरकतं आणि दहाव्या मिनिटाला नागपुरात असतं.

घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. भारताची प्रमाणवेळ ज्या रेखावृत्तावरून ठरते, ते साडेब्याऐंशी अंशांचं रेखावृत्त रायपूरच्या पूर्वेला ९० किलोमीटरवरून, छत्तीसगडातूनच जातं. १९०६ साली ही वेळ देशासाठी ठरली. रायपूरचं घड्याळ आणि रायपूरचा सूर्य यांच्यात सरासरी साडेतीन मिनिटांचाच फरक पडतो. नागपुरात तो साडेतेरा मिनिटांचा होतो, मुंबईत अडतीस मिनिटांच्याही वर जातो. डोक्यावर सूर्य आला की घड्याळातही बारा वाजलेले, असं ज्यांच्या नशिबी आहे त्या थोड्या शहरांपैकी आमचं एक. या शहरात मी लहानाची मोठी झाले आणि इथूनच पश्चिमेकडे बघत आले, कारण आईचं माहेर नागपूरला, महाल भागात.

सूर्याला दहा मिनिटं लागतात. विमानाला तासाच्या आत. वंदे भारतला चार तासांच्या आसपास, इतर गाड्यांना साडेचार-पाच तास, मोटारीला पाच-सहा. बैलगाडीला एके काळी पंधरवडा लागायचा. जमीन तीच आणि नद्याही त्याच. आमच्या घरात ‘नागपूर किती लांब?’ या प्रश्नाला किलोमीटरमध्ये उत्तर दिलेलं मी कधी ऐकलं नाही. ‘रात्री बसलं की पहाटे’ किंवा ‘सकाळी निघालं की जेवायला’, अशीच उत्तरं असायची. आज मला वाटतं, की त्या प्रश्नाच्या आत नेहमीच दुसरा प्रश्न होता: वेळ आली तर पोहोचता येईल ना?

किलोमीटरचा हिशेबही गमतीचा आहे आणि तो सांगितला पाहिजे. नागपूरच्या झीरो माइलच्या खांबापाशी ब्रिटिश काळात दगडावर कोरलेली गावांची अंतरं आहेत. त्यात रायपूर १७४ मैलांवर आहे. म्हणजे २८० किलोमीटर. रेल्वेचा मार्ग साधारण ३०० किलोमीटरचा. नकाशावर पट्टी ठेवून एका शहराच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजलं तर अंतर २६५ किलोमीटरच्या आसपास भरतं. पण विमानतळ ते विमानतळ मोजा, ते पुन्हा २८० होतं! नागपूरचं सोनेगाव शहराच्या नैर्ऋत्येला आणि रायपूरचं माना शहराच्या आग्नेयेला. दोन्ही विमानतळ आपापल्या गावाच्या पलीकडच्या अंगाला आहेत. म्हणजे सरळ रेषेत उडणाऱ्या विमानाला गावातून गावात जाणाऱ्या पाखरापेक्षा जास्त उडावं लागतं, आणि अंतर नेमकं त्या जुन्या दगडावरच्या आकड्याइतकंच येतं.

माना विमानतळाला २०१२ पासून स्वामी विवेकानंदांचं नाव आहे. हे नाव तिथे उगाच आलेलं नाही. १८७७ साली चौदा वर्षांचा नरेंद्र आई आणि भावंडांबरोबर कलकत्त्याहून रायपूरला निघाला, कारण वडील विश्वनाथ दत्त कामानिमित्त इथे राहत होते. अलाहाबाद, जबलपूर करत आगगाडीने नागपूर गाठता आलं. पुढे रूळच नव्हते. नागपूर ते रायपूर हा प्रवास बैलगाडीने झाला आणि त्याला पंधरवड्याहून जास्त दिवस लागले. पुढे विवेकानंद म्हणून त्यांनीच सांगितलेली आठवण चरित्रांत आहे. वाट डोंगरांतून जात होती, दोन्ही बाजूंनी कडे जवळ आलेले, झाडं फुलांनी लगडलेली. एका कड्याच्या भेगेत वरपासून खालपर्यंत मोहोळ लटकलेलं होतं, कितीतरी वर्षांच्या मधमाश्यांच्या कष्टाचं. ते पाहता पाहता मुलाचं भान हरपलं. भानावर आला तेव्हा गाडी बरीच वाट मागे टाकून पुढे आली होती. चरित्रकार त्या डोंगरांना विंध्य म्हणतात; या वाटेने ये-जा करणाऱ्या आम्हा लोकांना मात्र दरेकशाच्या घाटाजवळ आलं की हटकून ती गोष्ट आठवते. पुढे १८७९ पर्यंत तो मुलगा रायपुरात राहिला. बूढापाऱ्यातलं डे भवन लोक आजही दाखवतात.

मला या गोष्टीत मुलाच्या भान हरपण्याइतकीच ती आई महत्त्वाची वाटते. भुवनेश्वरीदेवी मुलांना घेऊन पंधरा दिवस जंगलातून निघाल्या होत्या. त्या काळी पंधरवडा म्हणजे संसारच हलवणं. सोबत धान्य, भांडी, औषधं, मुक्कामांची आखणी. अशा अंतरावर दिलेली लेक सणाला येत नाही. बाळंतपणाला येते ती महिनोन्‌महिने राहते. आणि माहेरचं कुणी आजारी पडल्याची चिठ्ठी तिच्या हातात पडते तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. प्रवासाला किती दिवस लागतात यावर नात्यातल्या कोणत्या प्रसंगाला हजर राहता येईल हे ठरतं. अंतराचा खरा अर्थ मला तिथे सापडतो.

नागपूरकर भोसल्यांनाही हे अंतर ठाऊक होतं. १७४१ मध्ये भास्करराम कोल्हटकर फौज घेऊन याच मुलखातून पूर्वेकडे गेले आणि रतनपूरचं राज्य भोसल्यांच्या अंमलाखाली आलं. पुढे रघूजी भोसल्यांचे पुत्र बिंबाजी रतनपुरात येऊन राहिले ते १७८७ मध्ये त्यांचा अंत होईपर्यंत. नागपुरात बसून छत्तीसगड सांभाळता येणार नाही, सांभाळायचं तर तिथे जाऊन राहावं लागेल, हे त्यांनी ओळखलं असणार. रतनपूरच्या रामटेकरीवर त्यांनी राममंदिर बांधलं. त्या नावात नागपूरजवळचं रामटेक ऐकू येतं. गाव सोडून आलेला माणूस आपल्या गावची टेकडी नव्या मुलखात शोधतो. १८१८ नंतर इंग्रज अधिकारी अ‍ॅग्न्यू यांनी कारभाराचं ठाणं रतनपूरहून रायपूरला हलवलं, १८५४ मध्ये नागपूरचं राज्यच खालसा झालं आणि त्यानंतरची शंभर वर्षं रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात राहिली. कारकून, मास्तर, वकील, वैद्य असे मराठी लोक या काळात पूर्वेकडे येत राहिले. आमचा तात्यापारा, जवळचा ब्राह्मणपारा, बूढापारा, या वस्त्यांमध्ये त्यांची घरं झाली. १९३५ पासून रायपुरात महाराष्ट्र मंडळ आहे. तिथे गणपती बसतो, नाटकं होतात, आणि नागपूरहून आलेल्या पाहुण्याला पहिला प्रश्न असतो, ‘कोणत्या गाडीने आलात?’

गाडी आली ती नरेंद्राच्या बैलगाडीनंतर पाचच वर्षांनी. १८८० ते १८८२ च्या दरम्यान नागपूर–छत्तीसगड रेल्वेचे मीटर गेजचे रूळ राजनांदगावपर्यंत पोहोचले. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी उभी राहिली, तिने हा मार्ग घेतला, ब्रॉड गेज केला आणि पूर्वेकडे वाढवला. १९०० साली हावडा ते मुंबई हा मार्ग नागपूरवरून सलग झाला. पंधरवड्याचा एक दिवस झाला. त्या एका बदलाने किती लेकींना माहेर परत मिळालं असेल याची मोजदाद कुठल्या दप्तरात नाही, पण आमच्यासारख्या घरांमध्ये ती आहे. पणजीच्या पिढीत दिवाळीला नागपूरला जाणं सुरू झालं, त्याआधी ते नव्हतं.

या वाटेवरची गाडी मला पाठ आहे. नागपूर सोडलं की इतवारी, कामठी, मग कन्हान. भंडारा रोडपर्यंत कापसाची काळी जमीन मागे पडलेली असते आणि धानाच्या बांध्या सुरू होतात. हा झाडीचा मुलूख. कोहळी समाजाने शतकांपूर्वी बांधलेले तलाव अजून शेतांना पाणी देतात. तुमसर रोड गेलं की वैनगंगा, मग तिरोडा, गोंदिया. गोंदियाला गाडी जरा जास्त वेळ थांबते आणि डब्यातली माणसं बदलतात. झाडीबोलीत बोलणारे उतरतात, छत्तीसगढी बोलणारे चढतात. दोघांच्या बोलण्यातला फरक इतका हळूहळू पडतो की सीमा नेमकी कुठे ओलांडली हे कानाला कळत नाही. आमगाव, सालेकसा, दरेकसा. इथे जंगल दोन्ही बाजूंनी रुळांपर्यंत येतं, गाडी बोगद्यात शिरते, डब्यात क्षणभर अंधार होतो आणि मुलं ओरडतात. दरेकसा महाराष्ट्राचं शेवटचं स्टेशन, बोरतलाव छत्तीसगडचं पहिलं. मग डोंगरगड. टेकडीवरचं बम्लेश्वरीचं देऊळ खिडकीतून दिसताच डब्यातले निम्मे हात जोडले जातात, आणि नवरात्रात तर फलाटावर पाय ठेवायला जागा नसते. राजनांदगाव, शिवनाथ नदी, दुर्ग, भिलाई. रात्रीची गाडी असेल तर भिलाईच्या पोलाद कारखान्याचा लालसर उजेड आकाशात दिसायचा. १९५९ मध्ये तिथली पहिली झोतभट्टी पेटली आणि नोकरीसाठी विदर्भातून आणखी मराठी घरं इकडे आली. कुम्हारी, खारून, आणि रायपूर.

या वाटेवर मधेच थांबून आयुष्य घालवलेली माणसं मला फार जवळची वाटतात. माधवराव सप्रे मराठी घरातले. १९०० साली त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं. त्याची छपाई आधी रायपूरला आणि पुढे नागपूरच्या देशसेवक प्रेसमध्ये होत असे. पेंड्र्यात लिहिलेला मजकूर नागपूरला जाऊन छापून परत छत्तीसगडात वाचला जायचा. रेल्वेने हे शक्य केलं होतं. लोकमान्यांचं ‘गीतारहस्य’ आणि समर्थांचा ‘दासबोध’ त्यांनी हिंदीत नेला. १९२६ मध्ये रायपुरातच त्यांचा देह पडला. दुसरे गजानन माधव मुक्तिबोध. घरची भाषा मराठी, कविता हिंदीत. नागपुरात दहा वर्षं ओढग्रस्तीत काढून १९५८ मध्ये ते राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवायला आले. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध नागपुरात राहून मराठीत लिहीत होते. एकाच घरातले दोन मोठे कवी, एक हिंदीचा आणि एक मराठीचा, आणि दोघांच्या मधे ही आमची गाडी. राजनांदगाव स्टेशनवर गाडी थांबली की मी त्या दोघांचा विचार करते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मात्र नागपूर आमच्यापासून लांब गेलं, आणि एक इंचही न हलता गेलं. तोवर रायपूरची राजधानी नागपूर होती. रायपूरचे पंडित रविशंकर शुक्ल नागपुरात बसून मध्य प्रांताचा कारभार पाहत होते. कचेरीचं काम, हायकोर्टाची तारीख, सगळं नागपूर. त्या दिवशी राज्यं पुन्हा आखली गेली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, रायपूर नव्या मध्य प्रदेशात. फायली भोपाळला जाऊ लागल्या, खटले जबलपूरला. बाबा सांगायचे, की एका वर्षात मोहल्ल्यातल्या वकिलांच्या वाटाच बदलल्या, आणि नागपूरला जाणाऱ्या डब्यात ओळखीचे चेहरे कमी झाले. कामासाठी जाणारे कमी झाले, उरले ते नात्यासाठी आणि औषधपाण्यासाठी जाणारे. दोन शहरांमधलं अंतर रूळ जितकं ठरवतात तितकंच ते राजधानी, कोर्ट आणि कॉलेजही ठरवतात. २००० साली, पुन्हा एका १ नोव्हेंबरला, रायपूर स्वतःच राजधानी झालं आणि आमची मुलं नागपूरऐवजी पुणे, हैदराबाद, बंगळूरकडे पाहू लागली.

आणि इथे विमान गोष्टीत येतं.

नागपूरचं आकाश या बाबतीत आधीपासून पुढे होतं. १९४९ पासून १९७३ पर्यंत रोज रात्री दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून टपालाची विमानं निघायची, मध्यरात्रीच्या सुमाराला नागपुरात एकत्र यायची, पिशव्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परत जायची. देशाच्या मधोमध असण्याचा इतका सुंदर उपयोग दुसरा कुठला झाला असेल असं मला वाटत नाही. रायपूरची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धातली. पण साठच्या दशकात ‘माना’ हे नाव देशाला कळलं ते विमानांमुळे नव्हे. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची मोठी छावणी तिथे वसली. हजारो कुटुंबांना मागे फिरण्याचा रस्ताच नव्हता. ज्या अंतराला परतीची वाट नाही, ते अंतर त्या जमिनीने पाहिलं आहे. आज तिथून रोज विमानं उडतात आणि उतरतात, आणि धावपट्टीच्या आसपासच्या वस्त्यांमध्ये बंगाली अजून बोलली जाते.

नागपूर–रायपूर एवढ्या लहान अंतरात विमानाला धड सरळ उडायलाही सवड मिळत नाही. प्रवासी जेट ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास जातं. त्या वेगाने २८० किलोमीटर म्हणजे एकवीस मिनिटं. पण जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जाणं, उड्डाण, चढण, उतरण आणि पुन्हा जमिनीवर थांब्यापर्यंत येणं यांत बाकीचा वेळ जातो. वैमानिकांचा ढोबळ नियम असा, की दर हजार फूट खाली यायला तीन सागरी मैल आधी उतरायला लागावं. वीस हजार फुटांवरून खाली यायचं तर साठ सागरी मैल, म्हणजे ११० किलोमीटर आधी. त्यामुळे विमान चढून स्थिरावतं तोच खाली वाकतं. सामान्यतः वैनगंगा मागे पडली की पुढचं दिसतं ते हिरवं जंगल, आणि लगेच छत्तीसगडच्या मैदानातले चमकणारे तलाव. पंधरवडा, रात्र, दुपार, सगळं त्या हिरव्या पट्ट्यात सामावलेलं.

पण हे थेट विमान असेल तर. नागपूर–रायपूर अशी सरळ सेवा कायम हाताशी असेल असं धरून चालता येत नाही, आणि ती नसेल त्या दिवशी तिकिटाच्या पडद्यावर मुंबई, दिल्ली किंवा हैदराबादवरून जाणारी वाट येते. मुंबईवरून गेलं तर नागपूर ते मुंबई पावणेसातशे किलोमीटर आणि मुंबई ते रायपूर साडेनऊशेच्या वर. म्हणजे २८० किलोमीटरसाठी सोळाशेंहून अधिक. विमान कंपन्या असं का करतात हे समजण्यासारखं आहे. प्रत्येक दोन गावांमध्ये विमान भरत नाही. सगळ्यांना एका महानगरात आणून तिथून वाटलं की विमानं भरतात आणि खर्च निघतो. हिशेब बरोबर आहे. पण त्या हिशेबात शेजारची दोन शहरं एकमेकांना पाहू शकत नाहीत. दोघांनाही आधी महानगराकडे पाहावं लागतं. ‘उडान’ योजनेचं पहिलं विमान २०१७ मध्ये उडालं तेव्हा मला याच एका गोष्टीचा आनंद झाला होता: लहान शहर थेट लहान शहराला जोडण्याचा विचार सरकारी कागदावर आला. आमच्या वाटेच्या मधोमध, गोंदियाजवळ बिरसीला युद्धकाळातली धावपट्टी आहे. २०२२ मध्ये तिथूनही प्रवासी विमान उडालं. ते उडालं इंदूर आणि हैदराबादकडे, नागपूर-रायपूरकडे नाही, तरी मला ते आपलंच वाटलं.

आणि आकाशाचा स्वतःचाही एक कौल असतो. पावसाळ्यात रायपूरवर वादळी ढग जमले की इथे उतरू न शकलेली विमानं पुष्कळदा नागपूरला वळवली जातात. थंडीत उंचावर पश्चिमेचे वारे जोरात वाहतात आणि मुंबई-पुण्याहून रायपूरला येणारं विमान लवकर पोहोचतं, परतीला जास्त वेळ लागतो. पावसाळ्यात त्या उंचीवर वारे पूर्वेचे होतात आणि उलटं घडतं. म्हणजे ऐन थंडीत, लग्नसराईच्या दिवसांत, वारा घरी येणाऱ्यांच्या बाजूने असतो. याचं कारण हवामानशास्त्रात आहे, तरी मला त्यातून दिलासा मिळतो.

माझी आजी गेली तेव्हा मे महिना होता. नागपूरहून मामांचा ट्रंककॉल आला तो रात्री. आई हातातलं टाकून उभी राहिली. पुढची गाडी सकाळची. मामा फोनवर विचारत होते, ‘किती वाजतापर्यंत पोचता? सांग, मी सगळ्यांना सांगून राहिलो.’ आई म्हणाली, ‘दादा, दुपार होईल.’ पलीकडे खूप वेळ कुणी बोललं नाही. नागपूरचा मे महिना, घरात बर्फाच्या लाद्या, आणि घरातले वडीलधारे सांगत होते की थांबता येणार नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा अंगण धुतलेलं होतं. कुणाचीच चूक नव्हती. गाडी वेळेवर आली होती, मामांनी जमेल तेवढं थांबवून धरलं होतं. तीनशे किलोमीटर आणि एक रात्र, एवढंच मधे होतं. आई पुढे आयुष्यभर गाड्यांचं वेळापत्रक उशाशी ठेवायची, आणि रात्रीच्या कोणत्या गाडीला रायपूरचा थांबा आहे हे तिला न पाहता सांगता यायचं.

बाबांच्या वेळी भाऊ पुण्यात होता. पुणे आणि रायपूर यांच्यात सरळ रेषेत ८७० किलोमीटर, आईच्या माहेरच्या तिप्पट. आगगाडीने जवळजवळ एक अख्खा दिवस. दुपारी डॉक्टरांनी सांगितलं, बोलावून घ्या. भावाला संध्याकाळचं थेट विमान मिळालं. आकाशात पावणेदोन तास. रात्री तो दवाखान्यात बाबांच्या खाटेजवळ उभा होता. बाबांनी डोळे उघडून त्याला पाहिलं, हात हातात घेतला आणि विचारलं, ‘जेवलास का?’ त्यानंतर ते दोन दिवस होते आणि त्या दोन दिवसांत बापलेकांनी पुष्कळ बोलून घेतलं. विमानाविषयी कुणी नाक मुरडून बोललं, खिडकीतून गावं दिसत नाहीत, प्रवासाची मजा गेली म्हणालं, तर मी ऐकून घेते. मजा गेली हे खरं आहे. मला दरेकशाचा बोगदा विमानात मिळत नाही. पण त्या रात्री ‘जेवलास का’ हे शब्द ज्याला ऐकायचे होते त्याला ऐकता आले, आणि ते ज्या यंत्रामुळे शक्य झालं त्याचे उपकार मी विसरणार नाही.

आता आमच्या घरात भाचीच्या लग्नाच्या गोष्टी चालू आहेत. पूर्वी स्थळ आलं की आजोबा विचारायचे, गाव स्टेशनापासून किती कोसांवर? आता मावशी विचारते, ‘थेट विमान आहे का?’ प्रश्न वरून वेगळा दिसतो, आतून तोच आहे. भाचीने तिच्या नोकरीसाठी दोन शहरांतून एक निवडलं तेव्हा पगाराबरोबर उड्डाणाची वेळही पाहिली, हे तिने मला सांगितलं आणि मला तिचा अभिमान वाटला. वेळापत्रक लावणाऱ्यांना त्या तक्त्यात प्रवासी दिसत असतील. आम्हाला त्यात आपली माणसं दिसतात.

पण ही सगळी गोष्ट तिकीट काढू शकणाऱ्यांची झाली. याच वाटेवर छत्तीसगडातले मजूर पिढ्यान्‌पिढ्या नागपूरला येतात. नागपूरच्या कितीतरी इमारती त्यांच्या हातांनी उभ्या राहिल्या आहेत. २०२० च्या टाळेबंदीत, एप्रिल-मेमध्ये, गाड्या थांबलेल्या, बस थांबलेल्या, विमानं थांबलेली होती, तेव्हा ही माणसं पोरं खांद्यावर घेऊन भंडारा, साकोली, देवरी करत महामार्गाने बाघनदीच्या सीमेकडे चालत निघाली. चालत्या माणसासाठी २८० किलोमीटर म्हणजे आठवडाभर, पोरं सोबत असतील तर त्याहून जास्त. दीडशे वर्षांत रुळांनी आणि पंखांनी कमी केलेलं अंतर चार दिवसांत पुन्हा बैलगाडीच्या काळात गेलं, आणि गेलं ते फक्त त्यांच्यासाठी. ज्यांच्या घरी धान्य होतं त्यांच्यासाठी नागपूर तेव्हाही फोनवरच्या एका बटणाइतकं जवळ होतं.

तेव्हापासून अंतराविषयी माझं मोजमाप बदललं आहे. ११ डिसेंबर २०२२ ला नागपुरात एकाच दिवशी शिर्डीपर्यंतचा समृद्धी महामार्ग खुला झाला आणि बिलासपूरची वंदे भारत सुटली. मला दोन्हींचा आनंद आहे. नागपूर आणि रायपूर यांच्यामध्ये रोजचं, भरवशाचं, थेट विमान असावं असं मला मनापासून वाटतं, आणि त्याच्या जोडीला याच रुळांवर साध्या डब्यांच्या जास्त गाड्या असाव्यात, रात्रीच्या असाव्यात, लहान स्टेशनांवर थांबणाऱ्या असाव्यात असं त्याहून जास्त वाटतं. वेगाचा हिशेब सगळ्यात वेगवान गाडीवरून करू नये. नागपूरच्या एखाद्या बांधकामावर विटा वाहणाऱ्या बाईला संध्याकाळी फोन येतो, की डोंगरगडच्या पुढे गावात आई अखेरचं बोलावते आहे. ती बाई हातातली मजुरी न गमावता, उसने पैसे न काढता, त्याच रात्री आईजवळ पोहोचू शकली, तर आणि तरच या दोन शहरांमधलं अंतर कमी झालं असं मी म्हणेन.